व्हॅनचा भार पेलते ती हवाच!

लग्नसराईत किंवा सुट्टीच्या दिवसांत भाड्याची व्हॅन निघते, तेव्हा टपावर सामान, आत दहा-बारा माणसे आणि पायांशी पिशव्या असे दृश्य हमखास दिसते. निघण्यापूर्वी डिझेल भरले जाते, काच पुसली जाते, पुढे लिंबू-मिरचीही बांधली जाते. टायरची चौकशी मात्र ‘चारही चाकांत पस्तीस टाका’ एवढ्यावरच आटोपते. प्रवासी वा मालवाहू व्हॅनच्या बाबतीत नेमकी हीच सवय घातक ठरू शकते.

गाडीचे वजन टायरचे रबर पेलते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः बहुतांश भार आतील दाबाखालची हवा पेलत असते. एका चाकावर ५०० किलो भार आणि हवेचा दाब ३५ पीएसआय (दर चौरस इंचाला ३५ पौंड) असेल, तर टायरचा सुमारे २०० चौरस सेंटिमीटर भाग रस्त्याला टेकतो. म्हणजे जेमतेम दीड पोस्टकार्डाएवढा! भार वाढला आणि हवा तेवढीच राहिली, तर टायर अधिक दबतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात त्याच्या बाजूच्या भिंती अधिक वाकतात आणि पुन्हा सरळ होतात. ताशी ८० किलोमीटर वेगाला असे फेरे मिनिटाला सहाशेहून अधिक होतात. या वाकण्यातून उष्णता साठत जाते, टायरच्या थरांची परस्परांवरील पकड सैल होते आणि अखेर टायर फुटतो.

योग्य आकडा कोठे मिळेल?

हा आकडा शेजारच्या ड्रायव्हरकडे नव्हे, तर आपल्याच गाडीवर असतो. चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरील स्टिकरवर किंवा गाडीच्या माहितीपुस्तिकेत तो दिलेला असतो. तेथे पुढच्या व मागच्या चाकांचा दाब स्वतंत्रपणे नमूद असतो. अनेक गाड्यांत कमी भार आणि पूर्ण भार यांसाठीही वेगवेगळे आकडे असतात. टायरच्या भिंतीवर छापलेला कमाल दाब ही त्या टायरची मर्यादा होय. ती आपल्या गाडीसाठीची शिफारस नव्हे.

पुढच्या-मागच्या चाकांतील हा फरक किती मोठा असू शकतो, याचे उदाहरण म्हणजे अमेरिकेतील १५ आसनी व्हॅन. त्यांतील काही मॉडेलांत पुढे ५५, तर मागे ८० पीएसआय दाब राखावा लागतो. तेथील महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या २००५मधील पाहणीत अशा ७४ टक्के व्हॅनच्या टायरमध्ये हवेचा दाब लक्षणीय चुकीचा आढळला. साध्या मोटारींत हे प्रमाण ३९ टक्के होते. सर्वाधिक माणसे वाहणाऱ्या वाहनाकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जात होते, असा याचा अर्थ.

उन्हाळ्यातील गैरसमज

‘उन्हाळ्यात हवा थोडी कमीच ठेवावी’ हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. तो उलटा आहे. टायर तापल्यावर दाब काही पीएसआयने वाढणारच. शिफारस केलेला आकडा ठरवताना ही वाढ गृहीत धरलेली असते. तापलेल्या टायरमधून पाच पीएसआय हवा सोडली, तर थंड झाल्यावर तो तेवढ्याने कमी भरतो. कमी हवेचा टायर अधिक वाकतो, म्हणून अधिक तापतो. जे टाळायचे, तेच आपण ओढवून घेतो.

म्हणून दाब मोजावा तो थंड टायरचा, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर. पेट्रोल पंप दूर असेल, तर स्वतःचे गेज बाळगावे. घरी तीन पीएसआय कमी आढळले, तर पंपावर तापलेल्या टायरमध्ये जो आकडा दिसेल, त्यात तीनची भर घालावी. महिन्यातून एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासापूर्वी ही तपासणी करावी. स्टेपनीही विसरू नये.

जास्त हवा हा उपाय नव्हे

मालवाहू व्हॅन रिकामी परतताना मागच्या चाकांत पूर्ण भाराचा दाब असेल, तर गाडी उसळते, ओल्या रस्त्यावर पकड घटते आणि टायर मध्यभागी झिजतो. रोज रिकामे-भरलेले फेरे असतील, तर त्या दिवशीच्या सर्वाधिक भाराप्रमाणे हवा ठेवावी व रिकामी गाडी बेताने चालवावी. मात्र क्षमतेपेक्षा जास्त माल भरून हवा वाढवणे, ही निव्वळ फसवणूक होय. टायरवरील भारनिर्देशांकाला मर्यादा असते. १०४ म्हणजे एका टायरला ९०० किलो. तेही योग्य दाब असेल तरच!

गेजची किंमत एका टायरच्या किमतीपुढे नगण्य आहे आणि तपासणीला पाच मिनिटे पुरतात. मागे बसलेल्या दहा-बारा जणांना त्या आकड्याची कल्पनाही नसते. ती असायला हवी, चालकाला.