सागरावरचा पंक्तिप्रपंच

लग्नाच्या पंगतीत तुपाचे भांडे घेऊन वाढपी पुढे सरकत असतो. व्याह्यांच्या पानापाशी त्याचा हात सैल सुटतो, आणि चार पाने पुढे वधूच्या मामांचे शेजारी बसलेले असतात तिथे तोच हात एकाएकी काटकसरी बनतो. या प्रकाराला आपल्या भाषेत एक नेमका शब्द आहे: पंक्तिप्रपंच. शब्द जुना, आणि निषेधाचा. एका पंगतीत बसलेल्यांना वेगवेगळे वाढणे हे पाप. वेगळे वाढायचेच असेल तर पंगतच वेगळी मांडावी, हा त्यावरचा शहाणा तोडगा. हा तोडगा समुद्रावरच्या आलिशान आगबोटींनी किती सफाईने अमलात आणला आहे, ते मे महिन्याच्या सुटीत आम्ही सात रात्री पाहिले.

त्याचे असे झाले. आमच्या साडूंची षष्ट्यब्दी होती. त्यांचा मुलगा अमेरिकेत असतो. त्याने आईवडिलांसाठी भूमध्य समुद्रातल्या सात रात्रींच्या सफरीची तिकिटे काढली. पण ताईंनी, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या थोरल्या बहिणीने, अट घातली, ‘‘धाकटी बरोबर असेल तरच मी येईन.’’ दोघींत बारा वर्षांचे अंतर. आई लवकर गेली. त्यामुळे धाकटीची वेणी घालून तिला शाळेत धाडण्यापासून आपल्या ताटातली अर्धी पुरणपोळी तिच्या ताटात सरकवण्यापर्यंत सारे ताईंनीच केले. लग्नानंतर एक नागपूरला, एक मुंबईला. सलग सात दिवस एकत्र राहण्याचा योग पंचवीस वर्षांत आला नव्हता. तेव्हा आम्हीही गाठीला असलेल्या पुंजीतून, खिडकी नसलेली का होईना, पण एक खोली धरली.

मुलाने आईवडिलांसाठी घेतला होता ‘स्वीट’. या शब्दाचा गोडाशी संबंध नाही, हे मला ठाऊक होते. दोन दालने, पुढे सज्जा, दिमतीला माणूस, असा तो ऐसपैस बिऱ्हाडवजा प्रकार. भाडे आमच्या खोलीच्या सुमारे चौपट. परंतु त्या भाड्यात एक निराळे भोजनगृहही येते, ही गोष्ट आम्हां चौघांपैकी एकाच्याही लक्षात आली नव्हती.

पहिल्या रात्री नटूनथटून आम्ही चौघे जेवायला निघालो. साडूंच्या खोलीत मिळालेल्या पत्रिकेत ज्या भोजनगृहाचे नाव होते, तिथे जाऊन पोचलो. काचेचे दार, आत मंद दिवे, पांढरीशुभ्र मेजे. दारावरच्या गृहस्थाने साडूंचे कार्ड पाहून कमरेत लवून नमस्कार केला. माझे कार्ड पाहून तितकेच लवून दिलगिरी व्यक्त केली. हे भोजनगृह फक्त स्वीटच्या उतारूंसाठी. साडू म्हणाले, ‘‘मग यांचे पैसे आम्ही भरतो.’’ तो हसून म्हणाला, पैशांचा प्रश्नच नाही, खोलीचा आहे. दोघी बहिणी दाराच्या अलीकडे नि पलीकडे उभ्या राहिल्या. ‘‘जेवून घ्या, मग भेटू,’’ असे म्हणून आम्ही लिफ्टने खाली आलो. त्या रात्री आमच्या सौभाग्यवतींनी सूपाखेरीज कशाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी या प्रकाराकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहू लागलो. मास्तराला दुसरे काय येते?

या वेगळ्या पंगतीचा इतिहास शंभर वर्षांहून मोठा आहे. पूर्वी अटलांटिक ओलांडणाऱ्या बोटींवर पहिल्या वर्गाचे उतारूसुद्धा ठरल्या वेळी, ठरल्या खुर्चीवर, ठरलेले जेवण जेवत. 1905 साली हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या ‘अमेरिका’ या बोटीवर प्रसिद्ध हॉटेलवाले सेझार रिट्झ यांच्या नावाचे उपाहारगृह निघाले. त्याच्या मांडणीत एस्कोफिए या नामांकित फ्रेंच बल्लवाचार्यांचा हात होता. हवे तेव्हा या, हवे ते मागवा आणि बिल निराळे भरा, असा तिथला नियम. ही टूम इतरांनी लगेच उचलली. 1912 च्या ‘टायटॅनिक’वर पहिल्या वर्गाची पाचशेहून अधिक माणसे एका वेळी बसतील अशी भोजनशाला होती, शिवाय वरच्या मजल्यावर एक निराळे उपाहारगृह होते. ते लुईजी गात्ती या इटालियन गृहस्थांनी ठेक्याने चालवायला घेतले होते. बोट हिमनगावर आदळली त्या रात्री, 14 एप्रिलला, कप्तान स्मिथ याच उपाहारगृहात एका मेजवानीचे पाहुणे होते. गात्तींच्या हाताखाली साठाहून अधिक माणसे होती, बहुतेक इटालियन आणि फ्रेंच. त्यांतली वाचली अवघी तीन. गात्ती त्यांत नव्हते. त्या उपाहारगृहाच्या थाटमाटाबद्दल पुष्कळ लिहिले जाते. मला मात्र ताटे उचलणारी ती माणसेच आठवत राहतात.

पण मोठी पंगत तेव्हा कमी प्रतीची मानली जात नसे. 1935 च्या ‘नॉर्मंडी’ या फ्रेंच बोटीची भोजनशाला 305 फूट लांब होती आणि तीत सातशे माणसे बसत. तिच्या भव्य दारातून पायऱ्या उतरून येणे, सर्वांनी पाहणे, यातच खरा मान होता. ‘क्वीन मेरी’वर 1936 साली ‘व्हरांडा ग्रिल’ नावाचे छोटे, निराळ्या बिलाचे उपाहारगृह होते. परंतु मुख्य भोजनशालेच्या भिंतीवर अटलांटिकचा प्रचंड नकाशा होता आणि त्यावर काचेची लहानशी बोट रोजचा प्रवास दाखवीत पुढे सरकत असे. तो नकाशा पाहायचा तर मोठ्या पंगतीतच बसायला हवे.

1958 च्या ऑक्टोबरात अटलांटिकवरून जेट विमाने नेमाने उडू लागली आणि या बोटींचे दिवस भरले. पोचण्याची घाई असलेला उतारू विमानात गेला. उरला तो हिंडण्याची हौस असलेला. त्याच्यासाठी पुढच्या काळात ज्या सफरीच्या बोटी निघाल्या, त्यांवर बहुधा पहिला, दुसरा, तिसरा असे वर्ग राहिले नाहीत. खोली लहान असो वा मोठी, जेवायला सारे एकाच दालनात. समुद्रावरची वर्णव्यवस्था बुडाली, असे कोणालाही वाटावे.

ती बुडाली नव्हती, पाण्याखाली पोहत होती. क्यूनार्ड कंपनीने 1969 साली सुरू झालेल्या ‘क्वीन एलिझाबेथ 2’वर खोलीच्या दर्जाप्रमाणे भोजनगृह ठरवण्याची रीत चालवली. ती बोट 2008 साली निवृत्त झाली आणि 2018 पासून दुबईला हॉटेल बनून उभी आहे. पण रीत टिकली. 2004 साली निघालेल्या ‘क्वीन मेरी 2’वर दोन मजली ‘ब्रिटानिया’ भोजनशालेत हजाराहून अधिक माणसे बसतात आणि रात्रीच्या दोन पंगती उठतात: एक सहाच्या सुमारास, दुसरी साडेआठच्या. सातव्या डेकवर मात्र ‘प्रिन्सेस ग्रिल’ आणि ‘क्वीन्स ग्रिल’ ही दोन लहान दालने आहेत. तिथे मेज तुमच्यासाठी राखून ठेवलेले. सात वाजता जा की नऊ वाजता, कोणी विचारीत नाही.

इतर कंपन्यांनीही हा धडा गिरवला. एमएससी कंपनीने 2008 साली ‘फँतासिया’वर ‘यॉट क्लब’ काढला, तो म्हणजे बोटीच्या पोटातली दुसरी बोटच. सेलिब्रिटी कंपनीचे ‘ल्युमिने’ 2015 पासून स्वीटवाल्यांसाठी आहे. 2024 साली निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर खोलीमागे दोन माणसे धरली तरी साडेपाच हजारांहून अधिक उतारू मावतात, तिथे स्वीटवाल्यांचे ‘कोस्टल किचन’ दोन मजली आहे. कारण सरळ आहे. बोट जितकी मोठी, तितकी रांग मोठी. आणि रांग जितकी मोठी, तितकी ती टाळण्याची किंमत जास्त.

यात एक बारकावा ध्यानात घ्यावा. ‘टायटॅनिक’वर पहिल्या वर्गाचा कोणीही उतारू जादा पैसे टाकून त्या उपाहारगृहात बसू शकत असे. वेगळी पंगत बिलावर ठरे. आज ती खोलीवर ठरते. आजही बोटींवर जादा पैशांची उपाहारगृहे असतात, तिथे कोणीही जावे. पण स्वीटच्या दारावर तुमचे पाकीट चालत नाही. आमच्या साडूंना त्या रात्री जे कळेना, ते हेच.

आता वाचक विचारतील, जेवणात फरक काय? साडू रोज रात्री डेकवर आम्हांला त्यांचे पक्वान्नपुराण ऐकवीत, त्यावरून आणि स्वतःच्या जिभेवरून सांगतो. मोठ्या दालनात एकाच सुमारास शेकडो ताटे भरून निघतात. अशा वेळी जे पदार्थ तव्यावरून थेट ताटात यायला हवेत, त्यांचे नुकसान होते. मासा किंचित जास्त शिजतो, फुगवून आणायची खीर वाटेत बसते. वरच्या दालनात मेजे थोडी, म्हणून ते पदार्थ जसे हवेत तसे येतात. शिवाय आदल्या दिवशी सांगितले तर यादीत नसलेलेही करून देतात. साडूंना तिथे साधा वरणभात मिळाला, त्याचे त्यांना कोण कौतुक! पण सूप, रस्सा, भाजलेले मांस, केक हे जिन्नस मोठ्या पातेल्यांत आणि मोठ्या भट्ट्यांत बिघडत नाहीत. लग्नातला मसालेभात घरी दोन वाट्यांचा करून पाहावा, म्हणजे माझे म्हणणे पटेल. शाकाहाराची सोय आम्हांलाही होती. पहिल्या दिवशी सांगून ठेवले, एवढेच.

वरचा खरा फायदा निराळाच आहे. तिथे वेळ तुमची, कोपरा तुमचा, दुसऱ्या दिवशी चहात साखर किती हे वाढप्याला पाठ. खालचा फायदा हा, की मेजावर माणसे असतात. आमच्या मेजावर स्कॉटलंडचे एक निवृत्त जोडपे आणि दोन स्पॅनिश शिक्षिका होत्या. तिसऱ्या दिवसापर्यंत आम्ही सारे एकमेकांच्या मुलांची लग्ने जमवू लागलो होतो.

आणि आमचा वाढपी होता गोव्याचा, साष्टीतला. त्याचे आजोबा पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर सलूनचे खानसामे होते. त्या कंपनीच्या बोटींवर खानसाम्याचे काम पिढ्यान् पिढ्या गोवेकरांकडे असे. बोट मुंबईला लागली, की ही माणसे धोबीतलावच्या आसपासच्या आपापल्या गावच्या कुडीत उतरत आणि पुढच्या बोटीची वाट पाहत. त्याने वरच्या दालनातही दोन वर्षे काम केले होते. मी विचारले, ‘‘कुठले बरे?’’ तो म्हणाला, ‘‘वर टेबलं थोडी, मागण्या फार. खाली टेबलं फार, मागण्या थोड्या. दमायचं दोन्हीकडे सारखंच.’’ ‘‘आणि तुम्ही कुठे जेवता?’’ त्यावर त्याने बोटाने जमिनीकडे दाखवले. पाण्याच्या रेषेजवळ कामगारांच्या भोजनशाला असतात. त्यांतही अधिकाऱ्यांची वेगळी, मधल्यांची वेगळी आणि खलाशी-वाढप्यांची वेगळी. मी दोन पंगती मोजत बसलो होतो. बोटीवर त्या पाच होत्या.

तिसऱ्या रात्री आम्ही मेजावर बसतो न बसतो तोच ताई दारात दिसल्या. एकट्याच. साध्या सुती साडीत. नियम असा आहे की खालच्याला वर जाता येत नाही, पण वरच्याला खाली येण्याची मुभा असते. गोवेकराने न सांगता खुर्ची आणली. ‘‘भाऊजी?’’ सौभाग्यवतींनी विचारले.

‘‘ते बसलेत वर. म्हणतात, मुलाने पैसे भरलेत, वाया कसे घालवू? मी म्हटलं, घालवू नका. मला वरणभात नागपूरला मिळतो. ही मिळत नाही.’’

शेवटी गोड म्हणून सफरचंदाचा पाय आला. ताईंनी तो सुरीने मधोमध कापला आणि अर्धा भाग धाकटीच्या ताटात सरकवला. पंचेचाळीस वर्षांची आमची सौभाग्यवती मान खाली घालून तो मुकाट्याने खाऊ लागली. स्कॉटलंडच्या बाई माझ्याकडे पाहून हसल्या. त्यांना काय कळले कोण जाणे.

पाचव्या रात्री साडूही आले. एकट्याने चार प्रकारचे चीज खाऊन कंटाळा आला, असे त्यांनी कारण दिले.

तेव्हा जे वाचक अशा सफरीचा बेत करीत असतील, त्यांना दोन शब्द. नवराबायकोच जाणार असाल, गर्दीचा तिटकारा असेल आणि ऐपत असेल, तर स्वीट खुशाल घ्यावा. निवांत जेवण ही काही पापाची गोष्ट नाही. पण दोन बिऱ्हाडे मिळून निघणार असाल, तर खोल्या एकाच दर्जाच्या धराव्या. निदान आधी पत्र टाकून, कोण कोठे जेवणार हे विचारून घ्यावे. आम्ही विचारले नाही, म्हणून दोन रात्री हुकल्या.

साडू आता रौप्यमहोत्सवानिमित्त आम्हां दोघांना कोठेतरी न्यायचे म्हणत आहेत. ताईंनी बजावून ठेवले आहे: कुठेही न्या, ताटे शेजारी शेजारी मांडलेली हवीत.