तिकीट काढून खलाशी

1911 साली हॅम्बुर्गच्या गोदीत एक जहाज बांधलं गेलं, पण कुठे जाण्यासाठी नव्हे. एल्बे नदी उत्तर समुद्राला मिळते तिथे वाळूचे दांडे सतत जागा बदलत असतात. दीपगृह बांधावं तर पाया कशावर घालणार? म्हणून दिवा चढवलेलं जहाजच तिथे नांगरून ठेवायची पद्धत होती. वादळ आलं की बाकीची जहाजं आसरा शोधत निघायची. याला मात्र हलायची मुभा नाही, कारण त्याच्या दिव्याची खरी गरज तेव्हाच. ‘सेनाटोर ब्रोकेस’ हे त्याचं नाव. सत्तरच्या दशकात त्याची नोकरी संपली, 1986 मध्ये ते एका डच मालकाकडे गेलं आणि काही वर्षं खपून त्याच्यावर तीन डोलकाठ्या चढवल्या गेल्या. 1994 पासून ‘बार्क युरोपा’ या नावाने ते जग फिरतंय. उभ्या आयुष्यात जागा न सोडलेल्या जहाजाने म्हातारपणी दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, केप हॉर्नच्या पाण्यात जावं, हा विनोद मला फार आवडतो. लाटांचा मार खात टिकून राहण्यासाठी केलेलं ते पोलादी अंग दक्षिणेच्या समुद्रात चांगलंच उपयोगी पडलं.

हे जहाज लोकांना सुटीवर नेतं. सुमारे 48 माणसं भाडं भरून चढतात, त्यांच्यासोबत दहा-पंधरा पगारी खलाशी असतात. पण भाडं भरणाऱ्याला इथे प्रवासी म्हणत नाहीत. चढल्या चढल्या सगळ्यांचे तीन गट पाडले जातात, लाल, पांढरा आणि निळा, डच झेंड्याचे रंग. चार तास पहारा, आठ तास विश्रांती, पुन्हा चार तास पहारा, रात्रंदिवस. पहाऱ्यावर असताना दोघांनी सुकाणू धरायचं, दोघांनी नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, उभं राहून टेहळणी करायची, बाकीच्यांनी हाक येईल तेव्हा दोर ओढायचे. रात्री बाराला उठवलं तरी कुरकुर करायची नाही. स्वतःच्या पैशांनी.

वेडेपणा वाटेल, पण ही प्रथा आजची नाही. वाफेच्या जहाजांनी बाजार जिंकल्यावरही फिनलंडच्या ऑलंड बेटांवरचा गुस्ताफ एरिक्सन नावाचा मालक जुनी शिडाची जहाजं स्वस्तात घेत राहिला आणि ऑस्ट्रेलियाचा गहू केप हॉर्नमार्गे युरोपात आणत राहिला. त्याला खर्च परवडायचा तो एका युक्तीमुळे: परदेशी पोरं उमेदवार म्हणून उलट त्यालाच पैसे भरत. एरिक न्यूबी हा इंग्रज लेखक 1938 मध्ये, अठराव्या वर्षी, असाच ‘मोशुलू’ जहाजावर चढला आणि त्या सफरीवर त्याने पुढे ‘द लास्ट ग्रेन रेस’ लिहिलं. 1949 मध्ये ‘पामीर’ आणि ‘पासाट’ या दोन जहाजांनी गहू घेऊन केप हॉर्न ओलांडलं, आणि शिडांवरची ती मालवाहतूक तिथे थांबली. पैसे भरून राबायला येणारी माणसं मात्र थांबली नाहीत.

का येतात, याचं उत्तर जहाजातच आहे. शिडाचं जहाज हे माणसांशिवाय अर्धवट राहणारं यंत्र आहे.

डेकवर उभं राहून वर पाहिलं की दोरांचं नुसतं जंगल दिसतं. शंभराहून कितीतरी जास्त दोर खाली येतात आणि प्रत्येक जण कठड्याच्या एका खुंटीला आठाच्या आकड्यात गुंडाळून ठेवलेला असतो. या खुंट्या कठड्यातल्या भोकांत नुसत्या सरकवलेल्या असतात, ठोकलेल्या नसतात. खुंटी वर उपटली की कितीही ताणलेला दोर क्षणात मोकळा. त्यामुळे चुकीची खुंटी उपटणं हे या जगातलं मोठं पाप. आणि खुंट्यांवर नावं नसतात. अंधारात, पाऊस लागत असताना, हात लावून ओळखायचं. पण यात एक क्रम आहे: कोणत्या शिडाचा कोणता दोर कुठे यायचा, हे वरच्या रचनेवरून ठरतं, आणि तो क्रम जगातल्या बहुतेक चौकोनी शिडांच्या जहाजांवर जवळपास सारखा असतो. दिवे गेले असताना फडताळात हात घालून नेमका जिऱ्याचाच डबा काढणारी बाई जशी, तसा मुरलेला खलाशी. पाहुण्यांना पहिले दोन-तीन दिवस हेच घोकावं लागतं.

आता एक शीड उघडायचंय असं धरा. चौकोनी शीड डोलकाठीवरच्या आडव्या वाशाला गुंडाळून बांधलेलं असतं. आधी कुणीतरी वर चढून बांधण्या सोडायच्या. मग डेकवरच्यांनी शिडाची खालची दोन टोकं खालच्या वाशाकडे ताणायची. वरच्या काही शिडांसाठी तर अख्खा वासाच कापडासकट वर चढवावा लागतो. कप्प्या असतात, त्यामुळे जोर कमी लागतो, पण तेवढाच दोर जास्त ओढावा लागतो. निसर्ग काही फुकट देत नाही. दहा माणसं एका तालात ओढतात तेव्हा टनभर वजन हळूहळू वर सरकतं. एकटा पहिलवान इथे बिनकामाचा. हौशी लोकांनी भरलेलं जहाज चालतं ते यामुळेच: कौशल्य चार जणांकडे असलं तरी पुरतं, हात मात्र पुष्कळ हवेत.

वर चढणं ऐच्छिक असतं, तरी बरेच जण चढतात. युरोपाची डोलकाठी सुमारे 33 मीटर उंच आहे. कमरेला पट्टा आणि आकडा असतो. वाशाखाली एक दोर लोंबत असतो, त्यावर पाय ठेवून आणि पोट वाशावर टेकून दोन्ही हातांनी कापड गोळा करायचं. शेजारचा माणूस त्याच दोरावर पाय ठेवणार असेल तर आधी मोठ्याने सांगतो, कारण त्याचं वजन पडलं की तुमचे पाय उचलले जातात. एक हात जहाजासाठी आणि एक स्वतःसाठी, अशी खलाशांची जुनी शिकवण आहे. कापड ओलं आणि गारठलेलं असताना ती पाळणं किती अवघड जात असेल, कोण जाणे.

पण मला या सगळ्यात थक्क करते ती वेगळीच गोष्ट: हे जहाज वाऱ्याच्या विरुद्ध जातं.

चौकोनी शीड म्हणजे वाऱ्याने मागून ढकलायचं कापड, अशी आपली समजूत. ती अर्धीच खरी. वाशाच्या दोन्ही टोकांना दोर असतात, ते ओढून वासा तिरपा फिरवता येतो. मग वारा शिडाच्या दोन्ही अंगांनी वाहतो, फुगीर बाजूला दाब कमी पडतो आणि शीड त्या बाजूला खेचलं जातं. ही ओढ बरीचशी आडवी असते, थोडीशी पुढची. आडवं सरकायला पाण्यातलं लांबच लांब अंग विरोध करतं, पुढे जायला करत नाही. उरते ती पुढची चाल. तरीही वाऱ्याच्या रेषेपासून साधारण 60 अंशांपेक्षा जवळ तोंड नेता येत नाही. पश्चिमेचा वारा असताना पश्चिमेलाच जायचं तर एकदा उत्तरेकडे झुकून, एकदा दक्षिणेकडे झुकून, नागमोडी जावं लागतं. आणि प्रत्येक वळणावर जहाजाचं नाक वाऱ्याच्या आरपार न्यावं लागतं.

तो प्रसंग असा. सगळे आपापल्या दोरांपाशी. सुकाणू फिरतं, मागच्या डोलकाठीवरचं शीड वाऱ्याकडे ओढलं जातं, त्यामुळे शेपूट बाजूला ढकललं जातं आणि नाक वाऱ्याकडे वळतं. शिडं फडफडू लागतात, वेग मरू लागतो. पुढच्या डोलकाठीच्या शिडांवर आता वारा समोरून आदळतो. एरवी ही आफत. इथे मात्र हाच हवा असलेला धक्का, कारण तो नाकाला पलीकडे ढकलतो. त्या वेळी मधल्या डोलकाठीची शिडं पुढच्यांच्या आडोशाला आलेली असतात, त्यांच्यावर वाऱ्याचा भारच नसतो. ही काही सेकंदांचीच संधी. हुकूम सुटतो, दोर ओढले जातात आणि मघापर्यंत जागचे न हलणारे वासे सरसर फिरून दुसऱ्या बाजूला जातात. थोडं आधी ओढलं तर वासे हलत नाहीत, थोडं उशिरा ओढलं तर वारा पलीकडून धरून ठेवतो. मग नाक पार होतं, मधली शिडं भरतात, पुढचे वासेही फिरवले जातात. मधेच वेग संपला तर जहाज वाऱ्याच्या तोंडाशी अडकून मागे घसरायला लागतं आणि सगळं पहिल्यापासून. भरवसा नसेल तर कप्तान उलटा, लांबचा वळसा घेतो. त्यात अंतर वाया जातं, पण अब्रू राहते. हे तंत्र कुणा एकाने शोधलेलं नाही. चुका करत करत कित्येक पिढ्यांनी ते बसवलं. समोरून आदळणारा वारा अडथळा म्हणून न धरता कामाला लावायचा, हे ज्याला पहिल्यांदा सुचलं असेल त्याला माझा दंडवत.

युरोपा गेली कित्येक वर्षं दक्षिण गोलार्धाच्या उन्हाळ्यात अर्जेंटिनाच्या उशुआयाहून अंटार्क्टिकाला जातं. मधे ड्रेक सामुद्रधुनी, केप हॉर्नपासून साउथ शेटलंड बेटांपर्यंत सुमारे 800 किलोमीटर. या अक्षांशांवर पृथ्वीभोवती एक फेरी मारली तरी वाटेत जमीन लागत नाही. वाऱ्याला अडवणारं काही नाही, लाटांनाही नाही. इथे सुकाणूवर उभं राहणाऱ्या नवख्याला पहिल्यांदा कळतं की शेकडो टनांचं जहाज उशिरा ऐकतं आणि ऐकलं की थांबत नाही. वळायला लागलं की ते रोखण्यासाठी आधीच उलटं सुकाणू द्यावं लागतं. सगळे नवखे जास्तच फिरवतात. होकायंत्राचा काटा त्यांची चुगली करतो.

जहाजासोबत अल्बट्रॉस येतात. त्यांतल्या सर्वांत मोठ्या जातीचे पसरलेले पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन मीटरहून लांब भरतात, आणि तासन् तास ते फडफडवत नाहीत. लाटांना घासून जाणारा वारा मंद असतो, वरचा जोराचा. हा पक्षी त्या दोन थरांत वरखाली करत ऊर्जा मिळवतो. डोलकाठ्या उंच असण्याचं एक कारणही हेच: वरचा वारा जास्त वेगाचा.

अंटार्क्टिकाजवळ टेहळणी गंभीर होते. रडारला मोठा हिमनग दिसतो, पण पाण्याबाहेर जेमतेम डोकं काढलेला, मोटारीएवढा तुकडा लाटांच्या गोंधळात त्याला सापडेलच असं नाही. तिथे थंडीत डोळे ताणून उभी असलेली शाळेतली बाई किंवा निवृत्त बँकवालाच भरवशाचा. बर्फात शिरताना, वारा पडल्यावर जहाज इंजिनही वापरतं, ते लपवायचं कारण नाही. पण 2020 च्या मार्चमध्ये महासाथीने बंदरं बंद पडली तेव्हा पाहुण्यांना घरी धाडून खलाशी शिडांवर उशुआयाहून थेट नेदरलँड्सला निघाले. सुमारे दहा हजार सागरी मैल, वाटेत एकही बंदर न घेता. 27 मार्चला निघालेलं जहाज 81 दिवसांनी, 16 जूनला, स्खेवेनिंगनला पोचलं.

हात हवेत म्हटलं, पण कोणते हात चालतात? ब्रिटनच्या ‘लॉर्ड नेल्सन’ या शिडाच्या जहाजाने, 1986 पासून, याचं उत्तर बरंच पुढे नेलं. नाळेवरून समुद्रावर पुढे आलेला दांडा इतका रुंद की त्यावर चाकाची खुर्ची नेता येई, आणि होकायंत्र बोलणारं, म्हणजे अंध माणसालाही जहाज हाकता येई. त्याचा आराखडा कॉलिन म्यूडी यांचा. त्यांनीच आखलेलं दुसरं जहाज गोवा शिपयार्डने वास्कोला बांधलं: आयएनएस ‘तरंगिणी’, 1997 मध्ये नौदलात दाखल, 2003-04 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा. तिच्या पाठोपाठ 2012 मध्ये ‘सुदर्शिनी’ आली. या दोन्हींवर पैसे भरून चढता येत नाही; तिथले दोर नौदलाच्या उमेदवारांनी ओढायचे.

ज्यांना युरोपासारख्या जहाजावर जायचंय त्यांना आधीचा अनुभव लागत नाही. समुद्र लागतो तो मात्र जवळपास सगळ्यांनाच. आतल्या कानाला हलणं जाणवतं, डोळ्यांना समोर स्थिर भिंत दिसते, आणि मेंदूचा गोंधळ पोटावर निघतो. म्हणून खोलीत पडून राहणाऱ्याचे हाल सर्वांत जास्त. जुने खलाशी अशाला उठवून सुकाणूवर उभं करतात: नजर क्षितिजावर जाते, पुढचा हेलकावा आधी कळतो आणि बऱ्याच जणांना बरं वाटतं. गोळी घ्यायची तर ती बंदर सोडण्याआधीच घ्यावी. ड्रेकमध्ये शिरल्यावर घेतलेली पोटात टिकेलच असं नाही.