परिषद भरवता भरवता येणारं नेतृत्व



'वर्ष वाया जाणं' हा आपल्या घराघरातला भीतीचा शब्द आहे. आता कल्पना करा, नावाजलेल्या बिझनेस स्कूलमध्ये शिकणारी मुलगी घरी येऊन सांगते, "मी एक वर्ष अभ्यास थांबवतेय. आम्हाला एक परिषद भरवायची आहे." किती घरांत तिचं पुढचं वाक्य ऐकून घेतलं जाईल?

स्वित्झर्लंडच्या पूर्व भागात सेंट गॅलन नावाचं शहर आहे. तिथलं विद्यापीठ व्यवस्थापन आणि अर्थशास्त्रासाठी ओळखलं जातं. तिथे दरवर्षी साधारण तीस विद्यार्थी नेमकं हेच करतात. शिक्षणात खंड घेऊन ते वर्षभर 'सेंट गॅलन सिम्पोझियम' या परिषदेच्या तयारीला लागतात. मे महिन्यात ही परिषद भरते. जगभरातले उद्योगपती, मंत्री, अभ्यासक येतात, आणि त्यांच्याशी चर्चा करायला वेगवेगळ्या देशांतले सुमारे दोनशे तरुण बोलावलेले असतात. त्यातले बरेच जण निबंध स्पर्धेतून निवडले जातात. (हो, निबंध स्पर्धाच! आपल्याकडे निबंध फक्त पेपरसाठी असतो.)

याची सुरुवात कशी झाली ते समजून घेण्यासारखं आहे. 1968 साली युरोपभर विद्यार्थ्यांची आंदोलनं पेटली होती. पॅरिसमध्ये तर रस्त्यावर दगडफेक, विद्यापीठं बंद अशी परिस्थिती. त्या वातावरणात 1969 मध्ये सेंट गॅलनच्या पाच विद्यार्थ्यांनी ठरवलं की ज्यांच्याविरुद्ध घोषणा द्यायच्या त्यांनाच आपल्या विद्यापीठात बोलवू, समोरासमोर बसवू आणि प्रश्न विचारू. त्यातून विद्यार्थ्यांची एक समिती उभी राहिली आणि आज पन्नासहून जास्त वर्षं ती परिषद भरवते आहे. कुणी म्हणेल, ही तर श्रीमंतांशी जुळवून घेण्याची सोय झाली. तो आक्षेप अगदीच खोटा नाही. पण मोठ्या माणसाला पत्र लिहून बोलावणं आणि तो आल्यावर न घाबरता प्रश्न विचारणं, हे घोषणा देण्यापेक्षा सोपं आहे असं मला वाटत नाही.

आता मुख्य मुद्दा. परिषद भरवण्यात नेतृत्व कुठे आलं? आपण नेता म्हटलं की माईक हातात घेतलेला मुलगा डोळ्यासमोर आणतो. परिषदेत माईकवर बोलणं हे सगळ्यात कमी वेळाचं काम असतं.

समजा, विद्यार्थ्यांनी 300 खुर्च्यांचं सभागृह घेतलं. नोंदणी मोफत ठेवली आणि 420 नावं आली. मोफत नोंदणी करणारे सगळे येत नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं, पण किती येणार नाहीत हे कुणालाच माहीत नसतं. जेवणाचा आकडा केटररला दोन दिवस आधी द्यायचा आहे. 420 सांगितलं तर अन्न आणि पैसे वाया जातील. 250 सांगितलं आणि 340 आले, तर उपाशी पाहुणे कुणाकडे बघणार? वर्गात असं गणित सोडवताना उत्तर पुस्तकाच्या मागे असतं. इथे अपुऱ्या माहितीवर, ठरलेल्या वेळेत कुणीतरी आकडा सांगायचा असतो आणि नंतर "तो मी सांगितला होता" असं म्हणायचंही असतं.

दुसरं म्हणजे नकार. वक्त्यांना पत्रं पाठवली की बहुतेकांकडून उत्तरच येत नाही. प्रायोजक "पुढच्या वर्षी बघू" म्हणतात. विसाव्या वर्षापर्यंत ज्या मुलाला घरात कुणी नाही म्हटलेलं नसतं, त्याला हे पचवणं जड जातं. पुन्हा पत्र लिहायचं, आधीच्यापेक्षा नेमकं लिहायचं, समोरच्याने का यावं हे दोन ओळींत सांगायचं. भाषेचा तास याहून चांगला कुठला असणार?

आणि तिसरं, सगळ्यात अवघड. आपल्याच वयाच्या मित्राकडून काम करून घेणं. कंपनीत साहेबाच्या हातात पगार असतो, आपल्या हातात गुणपत्रक असतं. विद्यार्थी समितीच्या प्रमुखाच्या हातात काहीच नसतं. पोस्टरचं काम घेतलेला मित्र चार दिवस फोन उचलत नाही. रागावलं तर तो सोडून जाईल, स्वतःच करून टाकलं तर बाकीचेही हात झटकतील. त्याच्याजवळ बसून नेमकं कुठे अडलंय ते विचारावं लागतं. व्यवस्थापनाच्या पुस्तकात यावर प्रकरणं आहेत, पण ती वाचून हे येत नाही.

सेंट गॅलनचा आणखी एक गुण म्हणजे चमू दरवर्षी बदलतो. जुने जाताना नव्यांना सगळं समजावून देतात. 2020 ची परिषद कोरोनामुळे होऊ शकली नाही आणि पन्नासावी परिषद मे 2021 मध्ये भरली. दरवर्षी माणसं बदलूनही काम पुढे जातं, कारण ते एका हुशार मुलावर उभं केलेलं नाही.

डीएडला आपण सगळ्यांनीच जॉन ड्युई वाचला आहे. 'कृतीतून शिक्षण' एवढंच बहुतेकांच्या लक्षात राहतं. पण 1938 च्या 'एक्स्पीरियन्स अँड एज्युकेशन' या पुस्तकात तो हेही बजावतो की प्रत्येक अनुभव शिकवणारा नसतो. पुढे डेव्हिड कोल्ब यांनी 1984 मध्ये याचं चक्र मांडलं : अनुभव घ्या, त्यावर विचार करा, त्यातून काही सूत्र काढा, ते पुढच्या वेळी वापरून बघा. आपल्याकडच्या अनेक कॉलेजांतले कार्यक्रम पहिल्याच पायरीवर थांबतात. फोटो निघतात, प्रमाणपत्रं वाटली जातात, मंडप उतरतो. इंग्रजी फाडफाड बोलणारे स्टेजवर आणि बाकीचे खुर्च्या उचलायला, ही वाटणीही कुणाला खटकत नाही. अशा कार्यक्रमाला पालक "अभ्यास सोडून नसते उद्योग" म्हणाले, तर मी पालकांच्या बाजूने आहे.

म्हणून मुलाने "कॉलेजात परिषद भरवतोय" असं सांगितलं, तर पालकांनी लगेच हो किंवा नाही म्हणू नये. आधी विचारावं, पैशाचा निर्णय तुम्ही घेता की सर घेतात? काही बिघडलं तर निस्तरणार कोण? झाल्यावर हिशेब आणि चुका लिहून ठेवणार आहात का? तिन्हींची उत्तरं सरांकडेच असतील, तर मुलगा फक्त मदतनीस आहे.

आपण प्राथमिकचे शिक्षक. आपल्याकडे बिझनेस स्कूल नाही, पण बालआनंद मेळावा आहे, बालसभा आहे. खरं सांगा, मेळाव्यात भाव कोण ठरवतं? बहुतेक ठिकाणी बाईच. आमच्या चौथीच्या वर्गाने यंदा भाव, जागा आणि पाळ्या स्वतः ठरवल्या. मी फक्त गॅस आणि सुरी माझ्याकडे ठेवली. भेळेच्या दुकानावर अर्ध्या तासात सुट्टे पैसे संपले. सगळे माझ्याकडे बघायला लागले, मी काही बोलले नाही. वर्गात कधीच हात वर न करणारी एक मुलगी शेजारच्या सरबताच्या दुकानावर गेली आणि शंभराची नोट देऊन दहाची नाणी घेऊन आली. नंतर दोन्ही दुकानांत तेच चालू राहिलं.

दुसऱ्या दिवशी भाषेच्या तासाला मुलांनी पुढच्या चौथीसाठी एक वही लिहिली. काही ओळी जशाच्या तशा देते : "सुट्टे पैसे आदल्या दिवशी आणा. कांदा सकाळीच चिरून ठेवू नका, वास येतो. पाळी नसताना दुकानात उभं राहू नका, गर्दी होते. उधार देऊ नका, सरांना पण."