घागरीचें पाणी आणि गांवचा हातपंप

लासुर्ण्याच्या शिवारांत उभें राहिलें असतां येथें पाण्याची वाण आहे असें कोणासहि वाटणार नाहीं. नीरेचा डावा कालवा या पट्ट्यास शतकाहून अधिक काळ पाणी देत आला आहे. त्याच्या जोरावर इंदापूर व बारामती तालुक्यांत ऊंस उभा राहिला आणि जवळच वालचंदनगरास साखरेचा कारखाना निघाला. तथापि शेताचें पाणी निराळें आणि घागरीचें पाणी निराळें, हें घरच्या बाईमाणसास विचारल्यावांचून कळत नाहीं. कालव्याखालील कित्येक जमिनी अतिपाण्यानें चोपण व खारवट झाल्या. जो क्षार जमिनीस बाधला तोच झिरपून विहिरीस उतरतो. पिकास मुबलक आणि पिण्यास मात्र मचूळ, असा हा प्रकार होय. म्हणून पिण्याच्या पाण्याचा विषय आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

परमुलुखांत जाऊन, वेतनाची अपेक्षा न धरितां, खेड्यांस स्वच्छ पाणी मिळवून देणारे इंजिनीअर आज अनेक देशांत काम करीत आहेत. आफ्रिकेंतील खेड्यांत त्यांच्या हातीं पुष्कळदां जो हातपंप असतो, त्याचें मूळ आमच्याच दुष्काळी मुलखांत आहे, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असेल.

१९६० नंतरच्या दशकांत महाराष्ट्रांत अवर्षणानें विहिरी आटल्या, तेव्हां काळ्या पाषाणांत विंधनविहिरी घेण्यासाठीं दाबलेल्या हवेनें चालणारीं घणयंत्रें आणण्यांत आलीं. जालना येथील स्कॉटिश मिशन या कामांत अग्रभागीं होतें. जें भोंक हातसुरुंगानें पाडावयास महिने लागले असते, तें या यंत्रांनीं थोडक्या काळांत पडूं लागलें. पाणी लागलें, पण तें वर काढावयाचें कशानें? त्या वेळचे पंप बिडाचे असत. ते युरोप-अमेरिकेंतील एका कुटुंबाच्या वापराच्या पंपाबरहुकूम ओतलेले होते. आमच्या गांवांत पहांटेपासून रात्रीपर्यंत शेंकडों घागरी त्यांवर भरावयाच्या! सांधे झिजत, दांडे मोडत. १९७४ च्या सुमारास युनिसेफनें पाहणी करविली, तेव्हां बसविलेल्या पंपांपैकीं बहुसंख्य बंद पडलेले आढळले.

या अडचणीवर तोड जालना व सोलापूर येथील कारागिरांनीं काढली. बिडाऐवजीं पोलादाचा सांगाडा, अनेक सांध्यांऐवजीं एकच कणा, त्यास बंदिस्त छऱ्यांचें बेअरिंग, आणि दांड्याच्या गोलाकार टोंकास सांखळी. सांखळीमुळें आंतील गज सदैव सरळ वरखालीं होतो, वांकडा ओढला जात नाहीं. सोलापूर पंप या नांवानें तो प्रसिद्ध झाला. याच नमुन्यावरून पुढें सरकार व युनिसेफ यांच्या सहकार्यानें ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप तयार झाला. कोइमतूरच्या बाजूस खोल विहिरींवर त्याची कसोटी घेण्यांत आली आणि मद्रास येथें रिचर्ड्सन आणि क्रुडास या कारखान्यांत तो मोठ्या प्रमाणावर बनूं लागला. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत जगांत असे सुमारें पन्नास लाख पंप बसल्याचा अंदाज आहे. युगांडांत व मालींतहि तो पोंचला.

परंतु यंत्र चांगलें असणें ही अर्धीच गोष्ट होय. आमच्या पाहण्यांतील एका गांवीं हातपंप जवळजवळ वर्षभर बंद होता. चौकशी करितां कळलें कीं, आंतील चामडी वायसर झिजला होता. वस्तु क्षुल्लक, पण ती बदलण्यासाठीं तिकाटणें लावून सगळे नळ वर ओढावे लागत, आणि तें पथक जिल्ह्याहून यावयाचें. तें येईपर्यंत बायका ओढ्यांत झरे खणीत राहिल्या. परदेशींहि हेंच घडतें. इंजिनीअर पंप बसवून स्वदेशीं परततो, आणि पहिला वायसर झिजतांच पंपाचा खांब होतो. यासाठीं पुढें ‘मार्क तीन’ काढण्यांत आला. त्याचा नळ रुंद असल्यामुळें नळ न उचलतां दट्ट्या वर काढितां येतो, व हें काम गांवांतील शिकविलेलीं माणसें करूं शकतात. उपकार करणारा गेल्यावरहि जें चालतें, तेंच खरें साहाय्य, असें आम्हांस वाटतें.

आतां आमच्या वाचकांनीं काय करावें तें थोडक्यांत सांगतों. पहिलें, पाण्याची तपासणी करवावी. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत विरघळलेले क्षार लिटरास ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा उपायच नसेल तर २००० पर्यंत चालतात. नायट्रेट मात्र ४५ हून अधिक असूं नये. उंसास घातलेला जादा युरिया कोठें जातो, याचें उत्तर कधीं कधीं आपल्याच विहिरींत सांपडतें. वरच्या दुधावरील तान्ह्या मुलांस असें पाणी अपायकारक आहे. आणि तें उकळून उपयोग नाहीं, कारण पाणी आटतें व नायट्रेट मागें उरतें. खताचा हात आंखडता ठेवणें हा त्यावरील मुळांतला उपाय होय. दुसरें, जंतूंसाठीं चांगली ब्लीचिंग पावडर दर हजार लिटर पाण्यास सुमारें अडीच ग्रॅम घालून किमान अर्धा तास थांबावें. पाणी गढूळ असल्यास तें आधीं निवळून घ्यावें. तिसरें, पंपाभोंवतीं पक्का ओटा व सांडपाण्यास नाली असावी, आणि संडास निदान १५ मीटर दूर असावा. नालीचें पाणी परसबागेस द्यावें. चौथें, पंपाची देखरेख गांवांतील एखाद्या स्त्रीकडे द्यावी. पाणी न आल्याचा त्रास प्रथम तिलाच होतो. म्हणून तिची दक्षता कोणत्याहि नेमलेल्या नोकराहून अधिक असते.

घरटी अल्पशी वर्गणी काढून दोन वायसर व एक सांखळी जरी गांवीं ठेविली, तरी वर्षाचा खोळंबा दिवसावर येतो. कालव्याची पाळी चुकली तर आम्ही सारे एकत्र जमतों. घागरीसाठींहि तसेंच जमावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.