जुन्या टेंडरचं गीर-तेल: बदलावं की हात लावू नये?



गेल्या महिन्यात एका मेहंदीला खुर्च्या आणि मोठी पातेली पोचवायला गेलो होतो. सामान उतरवताना एका गृहस्थांनी विचारलं, "काय हो, तुमच्या टेंडरचे तीन लाख चाळीस हजार किलोमीटर झाले. ऑटोमॅटिक गीरचं तेल कधी बदललंत? मला सगळे सांगतात, जुन्या गाडीत हात लावू नका, तेल बदललं की गीर मरतो." ऐकायला आणखी दोघेजण थांबले. तिथे उभ्याउभ्या घाईत जे सांगितलं तेच आता नीट लिहून काढतो. आपल्यातले बरेच जण पेन्शनवर जुनी गाडी चालवतात आणि हा प्रश्न आज ना उद्या प्रत्येकाला पडतो.

इथे इस्रायलमध्ये आपण पिकअपला टेंडर म्हणतो, गॅरेजला मुसाख म्हणतो आणि अख्ख्या गिअरबॉक्सला नुसतं गीर. मीही तसंच लिहिणार आहे. एक कबुली आधीच देतो. मी गीरचा तज्ज्ञ नाही. तरुणपणी भायखळ्याच्या एका गॅरेजात उमेदवारी केली, इथे आल्यावर कारखान्यात फिटर होतो. या बाबतीत माझी एक मोठी चूकही झालेली आहे, ती पुढे सांगतो.

तेल नेमकं करतं काय?

मुंबईची फियाट आठवा. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, पायाखाली क्लच. त्या गिअरबॉक्समधलं तेल फक्त वंगणाचं काम करायचं. दातांवर दात घासू नयेत एवढंच. क्लच दाबायचं काम आपला पाय करायचा.

ऑटोमॅटिकमध्ये तो पाय नाही. 1940 च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल गाडीत पहिल्यांदा पूर्ण ऑटोमॅटिक गीर मोठ्या प्रमाणावर विकायला आला, आणि तेव्हापासून पायाचं काम तेलच करतं. इंजिन आणि गीर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचा एक गोल डबा असतो. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा, एक चालू करा, दुसरा बंद ठेवा. चालू पंख्याच्या वाऱ्याने बंद पंख्याची पातीही फिरू लागतात. डब्यात तसंच होतं, फक्त हवेच्या जागी तेल असतं. पुढे गीरच्या आत क्लचच्या पातळ चकत्यांचे गठ्ठे असतात. त्यांना दाबून धरतं तेही तेल, पंपाच्या दाबाने. शिवाय आतली उष्णता बाहेर नेणं आणि वंगण देणं ही कामं आहेतच. म्हणून ऑटोमॅटिकमधलं तेल हा गाडीचा एक पुर्जाच समजा, आणि पुर्जा म्हटला की तो झिजणार.

तेल कशाने मरतं?

मुख्य शत्रू उष्णता. ठोकताळा असा की तेल ऐंशी-एक अंशांवर चाललं तर खूप टिकतं, आणि त्यावर दर दहा-अकरा अंश वाढले की आयुष्य साधारण अर्धं होतं. आता माझ्या टेंडरची कथा बघा. निवृत्तीनंतर काही वर्षं मी आठवड्यातून दोनदा मृत समुद्राकाठच्या हॉटेलांना भाजी पोचवायचो. डिमोना समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच, आणि मृत समुद्र सपाटीच्या खाली चारशे मीटरहून जास्त. म्हणजे परतताना जवळजवळ हजार मीटरचा चढ, तोही जुलै-ऑगस्टच्या उन्हात. रिकाम्या क्रेट असल्या तरी गीर तापतोच. तेल अवीवच्या सपाट रस्त्यावर ऑफिसला जाणाऱ्या गाडीचे लाख किलोमीटर आणि या चढावरचे लाख किलोमीटर एक नाहीत.

म्हणूनच गाडीच्या पुस्तकात दोन हिशोब दिलेले असतात: साध्या वापराचा आणि कठीण वापराचा. कठीण वापराचा आकडा पुष्कळदा साध्याच्या निम्मा असतो. ओझं, चढ, उन्हाळा, गर्दीत सारखं थांबत चालणं, हे सगळं कठीण वापरात मोडतं. आपला देश म्हणजे बहुतेकांचा कठीण वापरच समजा.

काही गाड्यांच्या पुस्तकात मात्र लिहिलेलं असतं की तेल आजन्म चालेल. कोणाच्या जन्मापर्यंत, ते लिहीत नाहीत! गीर बनवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतः सांगते की तिच्या ऑटोमॅटिक गीरचं तेल 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला, किंवा फार तर 8 वर्षांनी बदलावं.

माझी चूक

तीन वर्षांपूर्वी माझे एक जुने स्नेही, मुंबईपासूनची ओळख, आपला टेंडर घेऊन आले. त्यांची मुलगी समारंभांना जेवण पुरवते, सगळी ने-आण त्याच गाडीवर. म्हणाले, "सकाळी रिव्हर्स टाकला की तीन-चार सेकंद काहीच होत नाही, मग धक्का बसतो. चढावर इंजिन ओरडतं पण गाडी सरकत नाही." मी रुबाबात सांगून टाकलं, "अरे, तेल बदल. सगळं ठीक होईल."

त्यांनी बदललं. मुसाखमध्ये मशीन लावून सगळं जुनं तेल एका दमात बाहेर काढलं आणि नवं भरलं. नवव्या दिवशी गाडी डी मध्ये जाईना. टो करून आणावी लागली. गीर पूर्ण नवा करायचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जात होता, म्हणून शेवटी गाडी भंगारात गेली. मुलीच्या दोन ऑर्डर हातच्या गेल्या. स्नेही मला म्हणाले, "अरे, तू सांगितलंस म्हणून केलं." एवढंच म्हणाले, पण नंतर सहा महिने आमच्याकडे पाऊल टाकलं नाही.

पुढे बेअर शेवाच्या औद्योगिक वस्तीतल्या एका वयस्क मेकॅनिकने तो गीर उघडून मला दाखवला. क्लचच्या चकत्यांवरचा घर्षणाचा थर जवळजवळ संपला होता, काही ठिकाणी खालचं लोखंड दिसत होतं. तो म्हणाला, "हा गीर तेल बदलायच्या आधीच गेला होता. जुन्या दाट तेलात कसाबसा धरून होता, एवढंच." 'तेल बदललं की गीर मरतो' ही समजूत कुठून आली ते तेव्हा कळलं. वर्षानुवर्षं लोक तेल बघतच नाहीत. गीर घसरायला लागला की धावत जाऊन बदलतात. मग गीर मरतो आणि नाव नव्या तेलाचं होतं. जोराने मशीन मारल्यावर तळाचा गाळ सुटून बारीक वाटांत अडकू शकतो, तो धोका वेगळाच.

म्हणजे तेल बदलायला सांगण्याआधी मी एक गोष्ट करायला हवी होती. तेल बघायला हवं होतं. कोकणात आपल्या पूर्वजांना लोक शनिवार तेली म्हणायचे. घाण्यावरचं तेल ते रंगावरून, वासावरून ओळखत असणार. आणि मी, त्यांचा नातू-पणतू, कांडी बाहेर काढून नाकाशी धरायचाही आळस केला.

तेल कसं बघायचं?

गाडी वीस-एक मिनिटं चालवून गरम करा आणि सपाट जागी उभी करा. हँडब्रेक लावा. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून, गीर पी मध्ये ठेवून कांडी बघतात. काही गाड्यांची रीत वेगळी असते, पुस्तक बघून घ्या. बऱ्याच नव्या गाड्यांना कांडीच नसते, तिथे मुसाखमध्ये खालून बघावं लागतं. कांडी पांढऱ्या कागदी रुमालावर टेका आणि डाग बघा.

लाल किंवा लालसर डाग, वास खास नाही: तेल चांगलं आहे.

तपकिरी डाग, पण करपट वास नाही: तेल थकलंय, बदलायची वेळ झाली.

काळपट डाग आणि फोडणी जळाल्यासारखा वास: क्लच जळायला लागल्याची शंका घ्या.

दूध घातल्यासारखा गुलाबी रंग: रेडिएटरचं पाणी तेलात शिरलंय. गाडी पुढे चालवू नका.

मग गाडी चालवून बघा. डी किंवा आर टाकल्यावर गाडी एक-दोन सेकंदांत धरते का? गिअर बदलताना इंजिनचे फेरे वाढतात आणि वेग तेवढाच राहतो, असं होतं का? एका वेगाने जाताना खडबडीत रस्त्यावर चाललोय अशी थरथर येते का?

आता ठरवायचं कसं?

पहिली गोष्ट. गीर नीट चालतोय आणि तेल लाल किंवा तपकिरी आहे, तर किलोमीटर कितीही झाले असोत, तेल बदलावं. थांबून फायदा नाही, कारण बदलायची योग्य वेळ गीर चांगला असतानाचीच असते.

दुसरी गोष्ट. थोडा धक्का, क्वचित थरथर, पण घसरण नाही. इथे आधी जाणकाराकडून कॉम्प्युटर लावून तपासून घ्या आणि तळाची परात उघडायला सांगा. परातीत लोहचुंबक असतो. त्यावर करड्या रंगाची बारीक पेस्ट असणं नेहमीचं आहे. धातूचे कण किंवा तुकडे हाताला लागले तर तेलावर पैसे घालू नका.

तिसरी गोष्ट. गाडी घसरते आहे आणि तेल काळं, करपट आहे. माझ्या स्नेह्यांची गाडी इथे होती. तेल बदलून झिजलेली चकती परत येत नाही. बाटलीतली औषधंही ती आणू शकत नाहीत. इथे निर्णय तेलाचा नसतो, गाडीचा असतो. गीर दुरुस्त करायचा, भंगारातल्या गाडीचा तपासलेला गीर बसवायचा, की गाडी सोडायची? दुरुस्तीचा खर्च आणि गाडीची किंमत कागदावर शेजारी-शेजारी लिहा. दोन मुसाखांत विचारा. आणि वार्षिक टेस्ट पास झाली म्हणजे गीर चांगला, असं समजू नका. टेस्टला ब्रेक, दिवे, धूर, स्टिअरिंग बघतात, गीर-तेलाचा वास कोणी घेत नाही.

बदलताना

मशीनने जोरात धुवायला जुन्या गीरसाठी मी तरी सांगणार नाही. साधी रीत बरी: परात उघडून तेल आपोआप पडू द्यायचं, फिल्टर आणि परातीचं गॅस्केट बदलायचं, जेवढं पडलं तेवढंच भरायचं. यात सगळं तेल निघत नाही, कारण बरंच कन्व्हर्टरमध्ये राहतं. समजा दहा लिटर मावतं आणि पाच निघतं. एकदा केलं की अर्धं जुनं उरतं, दुसऱ्यांदा पाव, तिसऱ्यांदा साडेबारा टक्के. मध्ये हजार-दीड हजार किलोमीटर गाडी चालवायची. खर्चही एकदम अंगावर येत नाही.

तेल मात्र पुस्तकात लिहिलेल्या जातीचंच. लाल दिसलं म्हणजे सारखं असं नाही. टोयोटाचंच बघा, डब्ल्यूएस आणि टी-फोर ही दोन्ही तेलं त्यांचीच, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही. डब्याचा फोटो फोनवर काढून ठेवा, पुढच्या वेळी उपयोगी पडतो.

माझ्या टेंडरचं काय झालं?

स्नेह्यांची गाडी गेल्यावर दोन वर्षं मी माझ्या टेंडरच्या तेलाला हात लावला नाही. लोकांना शहाणपण सांगणारा मी, स्वतः घाबरलो होतो. बायको म्हणायची, "विकून टाका." पण तिच्या गुडघ्यांमुळे तिला बस चढवत नाही, आणि बेअर शेवाला डॉक्टरकडे दर महिन्याला जायचं असतं. शेवटी तिनेच विचारलं, "एवढे घाबरताय, पण एकदा बघितलंत का तेल?" बघितलं नव्हतं.

बघितलं तेव्हा डाग तपकिरी होता, वास करपट नव्हता, गाडी एका सेकंदात धरत होती. परात उघडली, चुंबकावर फक्त पेस्ट. मग सहा महिन्यांत तीनदा तेल बदललं. चढावर ओव्हरड्राइव्ह बंद ठेवायची सवय लावली, म्हणजे गीर सारखा वर-खाली करत तापत नाही. उतारावर उभी करताना आधी हँडब्रेक, मग पी, म्हणजे सगळं वजन गीरच्या खुंटीवर येत नाही. गाडी चालते आहे. उद्या बंद पडणार नाही अशी हमी मी देत नाही, तीन लाख चाळीस हजार झालेत.

स्नेही मागच्या हनुक्काला घरी आले. चहा पिताना म्हणाले, "मुलीने नवीन गाडी घेतली, जुनीच आहे म्हणा, ऑटोमॅटिक. येऊन जरा बघतोस का?" मी म्हटलं, येतो, पण या वेळी आधी कांडी काढणार, मग तोंड उघडणार.

रविवारी सकाळी गेलो. डाग लालसर निघाला. तिला सांगितलं, पुढच्या उन्हाळ्याआधी पहिलं तेल बदलून घे, आणि तारीख आणि किलोमीटर पुस्तकात लिहून ठेव.