मुलींच्या वाट्याची संध्याकाळ

28 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसमध्ये पॅरालिम्पिकचं उद्घाटन झालं, तेव्हा भारताचा तिरंगा दोघांच्या हातात होता. एक सुमित अंतिल, दुसरी भाग्यश्री जाधव. भाग्यश्री नांदेड जिल्ह्याची, मुखेड तालुक्यातल्या होनवडजची. आदल्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत तिने गोळाफेकीत रौप्यपदक मिळवलं होतं. तिचा अभिमान वाटतोच, पण तिने गोळा हाती घेतला तो शाळा मागे पडल्यावर, मोठेपणी. म्हणून तिच्या यशापाशी थांबून चालत नाही. नांदेड-लातूरच्या हायस्कुलात आज आठवी-नववीत असलेल्या मुलीला मैदान किती मिळतं, ते पाहायला हवं.

कागदावर अन्याय दिसत नाही. शालेय क्रीडा स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालच्या गटांत होतात आणि प्रत्येक गटात मुलांसारखेच मुलींचेही संघ असतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य ही चढण दोघांना सारखीच. दहावी-बारावीला मिळणारे खेळाचे वाढीव गुण सारखे, शासकीय नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षणही दोघांना खुलं. फरक सुरू होतो शाळा सुटल्याच्या घंटेनंतर.

खेड्यातली मुलगी हायस्कूलला येते ती एसटीने. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास, मानव विकास कार्यक्रमाच्या बस, आठवीपासून पुढच्या मुलींना सायकली, या सोयींमुळे मराठवाड्यातल्या किती मुलींचं शिक्षण टिकलं! त्यांचं मोल कमी लेखू नये. पण ही बस शाळेच्या वेळेला बांधलेली आहे. शाळा सुटली की ती निघते, आणि सराव तर तेव्हाच सुरू होतो. मुलगा खेळून घेतो, मग कुणाच्या तरी मोटारसायकलवर किंवा काळीपिवळीने दिवेलागणीनंतर घरी पोचतो. त्याला कोणी जाब विचारत नाही. मुलीची बस चुकली, तर दुसऱ्या दिवशी तिची शाळाच पणाला लागते. वेळेत घरी पोचली तरी पाणी, भाकरी, धाकटी भावंडं तिची वाट पाहत असतात. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. तशा वर्षी घरातला हंडा कोणाच्या डोक्यावर जातो हे इथल्या माणसाला सांगायला नको. आईबाप ऊसतोडीला गेले, तर आख्खं घरच थोरल्या मुलीवर पडतं.

त्यामुळे 14 वर्षांखालच्या गटात हौसेने उतरलेल्या मुली पुढच्या गटांत विरळ होत जातात. याच वयात घरात स्थळांची चर्चा सुरू होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के स्त्रियांची लग्नं अठराव्या वर्षाआधीच झाली होती, आणि नांदेडला लागून असलेल्या परभणी जिल्ह्यात हे प्रमाण 48 टक्के होतं. त्याच पाहणीत राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. अंगात रक्त नसलेली पोर खोखोच्या डावात कशी पळणार? क्रीडाशिक्षक बहुतेक ठिकाणी पुरुष. पाळीच्या दिवसांत त्यांना सांगायची चोरी, मैदानाजवळ स्वच्छतागृह नाही, आणि स्पर्धेला परगावी जायचं तर सोबत बाई नाही म्हणून घरून नकार. यातलं कुठलंच कारण नियमावलीत सापडत नाही, तरीही संघ मोडतो तो याच कारणांनी.

लातूरला खेळाची परंपरा नाही असं कोण म्हणेल? निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 चे महाराष्ट्र केसरी. 1970 मध्ये एडिनबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. गावोगावच्या तालमींनी मुलांना खुराक, वस्ताद आणि जत्रेतला फड दिला. मुलींना यातलं काही मिळालं नाही. महाराष्ट्र केसरी 1961 पासून सुरू आहे, आणि महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत झाली ती 2023 मध्ये. प्रतीक्षा बागडी ती जिंकली. मधल्या 62 वर्षांत किती मुली आखाड्याच्या बाहेर उभ्या राहिल्या असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

तरीही शेजारच्या धाराशिवने दाखवलेली वाट आपल्या दोन्ही जिल्ह्यांना घेता येण्यासारखी आहे. तिथली सारिका काळे खोखो खेळत भारताची कर्णधार झाली, 2016 च्या गुवाहाटीतल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या संघाने सुवर्ण मिळवलं, 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. घरची ओढग्रस्त तिने कधी लपवली नाही. पुढे ती तुळजापूरला क्रीडा अधिकारी झाली, आणि मला पुरस्काराइतकीच ही गोष्ट मोलाची वाटते. बाई त्या खुर्चीवर बसली की मुलीच्या आईला कार्यालयाची पायरी चढावीशी वाटते. खोखोला 27 बाय 16 मीटरची जागा आणि दोन खांब पुरतात. साहित्याचा खर्च जवळजवळ नाही. पण एकेका जागी वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी सराव घेणारं कोणीतरी लागतं.

नांदेड-लातूरकडे ती संध्याकाळ उरलेली नाही, आणि त्याला आपल्या अभिमानाचा विषयही कारण आहे. लातूर पॅटर्नने, म्हणजे इथल्या शाळा-क्लासांच्या कसून परीक्षा-तयारीने, गरिबांची मुलं डॉक्टर केली, त्यांत मुलीही भरपूर आहेत. पण त्याच पॅटर्नने शाळेचा खेळाचा तास गणिताला दिला आणि संध्याकाळ क्लासला. मुलगा गल्लीत, सुट्टीत, कुठेही क्रिकेट खेळून घेतो. मुलीला खेळायला मिळतं ते शाळेच्या तासातच, म्हणून तो तास गेला की तिचं सगळंच जातं. मुलीच्या धावण्याला घरून खुशीने परवानगी मिळते ती पोलीस भरतीसाठी: 800 मीटर धावणं, 100 मीटर, गोळाफेक. ते चांगलंच आहे. मात्र अठराव्या वर्षी गोळा पहिल्यांदा हातात घेणाऱ्या मुलीला बाराव्या वर्षी तो कोणी का दिला नाही?

हे बदलता येतं. अमेरिकेतही 1971-72 मध्ये माध्यमिक शाळांत खेळणाऱ्या मुली जेमतेम 2 लाख 94 हजार होत्या. 1972 च्या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलामुलींत भेद करायला मनाई केली. त्यात खेळही आला, आणि 2018-19 पर्यंत हा आकडा 34 लाखांच्या घरात गेला. तिथे शाळांना आकडे द्यावे लागले, पालक कोर्टात गेले. आपल्या शिक्षण हक्क कायद्यात (2009) शाळेला मैदान हवं असं लिहिलं आहे, पण त्या मैदानावर कोण खेळतं हे विचारलेलं नाही.

मागण्या मोठ्या नाहीत. आठवड्यातले तीन दिवस मानव विकासची एक बस तासभर उशिरा सोडावी. मुलींचा संघ परगावी जाताना शिक्षिका सोबत असावी आणि तिचा प्रवासभत्ता वेळेवर मिळावा. खेळाचा तास दुसऱ्या विषयाला देणाऱ्या शाळेला जाब विचारावा. स्पर्धेच्या प्रवेशिका जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे दरवर्षी जातच असतात. 14 वर्षांखाली किती मुली, 17 खाली किती, 19 खाली किती, हे त्यावरून तालुकावार छापावं. मुली कोणत्या तालुक्यात कोणत्या वयाला गळतात ते त्यात दिसेल, आणि पालकांना तो कागद घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि एसटीच्या आगारप्रमुखांकडे जाता येईल.