अल्सरचा जंतू आणि अर्धवट औषध

“पाचव्या दिवशी जळजळ थांबली, म्हणून गोळ्या बंद केल्या, डॉक्टर,” असे सांगत एक गृहस्थ चार महिन्यांनी पुन्हा माझ्याकडे आले. दुखणे परतले होते.

अल्सर केवळ तिखटाने किंवा काळजीने होतो, हा समज आता मागे पडला आहे. अनेकदा त्याचे मूळ हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो. ऑस्ट्रेलियातील डॉ. बॅरी मार्शल यांनी १९८४ साली हे जंतू स्वतः पिऊन जठराला सूज येते हे दाखवले. २००५ साली त्यांना व रॉबिन वॉरेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हा जंतू चिवट आहे. आम्ल कमी करणाऱ्या गोळीबरोबर किमान दोन प्रतिजैविके, बहुधा १४ दिवस, घ्यावी लागतात. औषध मध्येच सोडले की उरलेले जंतू त्याला दाद देत नाहीत. जुलाब लागताच दुकानातून परस्पर मेट्रोनिडॅझोल आणण्याची आपली सवयही घातक. भारतात या जंतूवर हे औषध पुष्कळदा निष्प्रभ ठरते.

या गृहस्थांना मी औषधे बदलून दिली आणि बजावले, “बरे वाटले तरी गोळ्या संपवा. नंतर चार आठवड्यांनी जंतू गेल्याची तपासणी करून घ्या.” वाचकहो, पूर्वी घेतलेली प्रतिजैविके डॉक्टरांना जरूर सांगा. शौचास काळे होऊ लागल्यास मात्र ताबडतोब रुग्णालय गाठा.